आठ थेंबांचा माग: कॅप्सूल गिळवून लहान आतड्यातले जिवाणू कसे तपासायचे

गेल्या वर्षी कराडला माझ्या जुन्या कॉलेजात एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या मुलांशी बोलायला गेले होते. कार्यक्रम संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आतड्यातले जिवाणू तपासायचे म्हणजे शौचाचाच नमुना घ्यायचा ना?" मी तिला दोन मिनिटांत काहीतरी सांगितलं. परतीच्या एसटीत मात्र ते उत्तर मला अपुरं वाटत राहिलं. हे तिच्यासाठी लिहिते आहे, आणि या कामात हात घालू पाहणाऱ्या तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

मी सहा वर्षं अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत गिळायच्या कॅप्सूलवर काम केलं. यंत्र बनवणारे वेगळे होते, आकडेमोड करणारे वेगळे. माझं काम या दोघांच्या मधलं: स्वयंसेवकांना कॅप्सूल द्यायची, त्यांच्याकडून ती परत मिळवायची, उघडायची आणि आतला द्रव जपायचा. एका कॅप्सूलमध्ये फार तर ४०० मायक्रोलिटर द्रव येतो, म्हणजे जेमतेम आठ थेंब. ते थेंब आतड्यात कुठे आणि कधी उचलले गेले, त्यानंतर ते किती तास कशात पडून होते, हे सांगता आलं नाही तर पुढची सगळी महागडी तपासणी फुकट जाते. म्हणून मी यंत्राबद्दल थोडं आणि थेंबांचा माग ठेवण्याबद्दल जास्त सांगणार आहे.

शौचाचा नमुना का पुरत नाही

आद्यांत्रात, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात, एका मिलिलिटरला साधारण हजारभर जिवाणू असतात. लहान आतड्याच्या शेवटाकडे ही संख्या एक ते दहा कोटींपर्यंत जाते. मोठ्या आतड्यात ती दहा हजार कोटींच्या घरात असते. आता विचार करा, वरच्या हजारांची खबर खालच्या हजारो कोटींच्या गर्दीतून तुमच्यापर्यंत कशी पोचणार? लहान आतड्याच्या वरच्या भागात स्ट्रेप्टोकोकस आणि व्हेलोनेला यांची जोडी नेहमी भेटते. पहिला साखरेपासून लॅक्टेट बनवतो, दुसरा त्याच लॅक्टेटवर जगतो. शौचाच्या नमुन्यात ही जोडी इतकी विरळ होते की तिचा संसार तिथे ओळखूच येत नाही. आणि अन्नाचं शोषण, पित्ताचं काम, आपण गिळलेल्या बहुतेक औषधांचं रक्तात जाणं हे सगळं तर लहान आतड्यातच घडतं.

तिथे पोचायचा जुना मार्ग म्हणजे एंडोस्कोपी. माणूस उपाशी हवा, बहुतेक वेळा गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि नेहमीची नळी आद्यांत्राच्या पुढे फारशी जात नाही. तरीही त्या मार्गानं मोठं काम झालेलं आहे. ढाक्यातल्या वस्त्यांमधल्या, वाढ खुंटलेल्या लहान मुलांच्या आद्यांत्रातला द्रव तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १४ प्रकारचे जिवाणू असे सापडले, की त्यांची संख्या जितकी जास्त तितकी मुलाची उंची कमी. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या माझ्यासारखीला तो अभ्यास विसरता येत नाही. पण निव्वळ संशोधनासाठी निरोगी मुलाच्या घशात नळी घालता येत नाही, घालूही नये. तुलनेसाठी निरोगी माणसाचं लहान आतडं नेमकं कसं असतं, हे म्हणूनच इतकी वर्षं अंधारात राहिलं.

कॅप्सूलची कल्पना तशी नवी नाही. १९५७ मध्ये क्रॉस्बी आणि कुगलर यांनी नळीच्या टोकाला बांधलेली धातूची कॅप्सूल वापरून लहान आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून दाखवला होता. २००१ मध्ये अमेरिकेत कॅमेऱ्याच्या कॅप्सूलला परवानगी मिळाली. पण रोजचं जेवणखाण चालू असलेल्या माणसाच्या आतड्यातून, नळीशिवाय, चार वेगवेगळ्या ठिकाणचा द्रव आणून दाखवला तो स्टॅनफर्डच्या गटानं २०२३ मध्ये. १५ निरोगी माणसं, आतड्यातले २४० नमुने. पुढे मी जी पद्धत सांगते आहे ती त्याच धर्तीची आहे.

कॅप्सूल आतून कशी असते

लांबी साधारण २३ मिलिमीटर, म्हणजे औषधाच्या दुकानातल्या मोठ्या, डबल झीरो मापाच्या कॅप्सूलएवढी. आत दाबून, घडी करून बसवलेली एक लवचिक पिशवी असते आणि तिच्या तोंडाला एकाच दिशेनं उघडणारी झडप. बॅटरी नाही, तार नाही. बाहेरच्या कवचावर आम्लात न विरघळणारा लेप असतो. जठराच्या आम्लात तो टिकतो. आतड्यात पीएच वाढला, म्हणजे आम्लता कमी झाली, की विरघळतो, कवच सुटतं, पिशवी फुलते आणि फुलताना भोवतालचा द्रव ओढून घेते. पिशवी भरली की झडप मिटते.

ठिकाण ठरतं ते लेपावरून. आद्यांत्रात पीएच साधारण ६ असतो आणि लहान आतड्याच्या शेवटी ७.५ च्या आसपास पोचतो. म्हणून एक लेप ५.५ ला विरघळणारा, दुसरा ६ ला, तिसरा ७.५ ला. चौथाही ७.५ चाच, पण त्याला आणखी उशीर लावणारा थर असतो, म्हणजे तो मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला उघडावा. चारही एकदमच गिळायच्या.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा. ही कॅप्सूल जागा ओळखत नाही, ती पीएच ओळखते. दोन माणसांचा ६ पीएच आतड्यात एकाच ठिकाणी येईल असं नाही. त्यामुळे वहीत "मध्य आतडं" असं कधी लिहू नका, "प्रकार २" असं लिहा. जागेचा अंदाज शेवटी, सगळे पुरावे एकत्र ठेवून करायचा.

आधी काचेत बुडवा, मग माणसाला द्या

नवीन बॅच आली की प्रत्येक प्रकारातल्या काही कॅप्सूल मोडायच्याच आहेत असं धरून चाला. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास ठेवा. त्या दोन तासांत काहीही होता कामा नये. मग फॉस्फेट बफरमध्ये हलवा आणि पीएच एकेक पायरी चढवत न्या. प्रत्येक कॅप्सूल किती मिनिटांनी उघडली, पिशवी पूर्ण फुलली का, किती द्रव आला, हे लिहा. बफरमध्ये थोडा निळा रंग घाला, म्हणजे पिशवीत काय शिरलं ते डोळ्यांनी दिसतं. भरलेली पिशवी नंतर दुसऱ्या रंगाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा. आतला निळा निळाच राहिला तर झडप खरी.

कवचाच्या दोन अर्धुकांचा जोड ही सगळ्यात कच्ची जागा. लेप तिथेच आधी फाटतो. भिंगाखाली प्रत्येक कॅप्सूलचा जोड बघा, कंटाळा करू नका.

माणूस निवडताना

गिळायला त्रास असलेले, आतड्यात अरुंद जागा असण्याची शक्यता असलेले (क्रोन्स हा आतड्याच्या जुनाट सुजेचा आजार, पोटाची मोठी शस्त्रक्रिया, पूर्वी कधी आतड्याला अडथळा), आणि गरोदर स्त्रिया यांना घ्यायचं नाही. हे डॉक्टरांनी ठरवायचं, तुम्ही किंवा मी नाही. भारतात हे करताना संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं, सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणी आणि वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम या चार दारांतून जावं लागतं. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर त्याची परवानगी निराळी. वेळ लागतो, त्यामुळे कामाचं वेळापत्रक त्या वेळेपासूनच धरा.

प्रश्न विचारताना शब्द जपून निवडा. "कोणतं औषध चालू आहे का?" असं विचारलं की लोक नाही म्हणतात. "ॲसिडिटीची गोळी घेता का?" असं विचारलं की, "हो, ती काय रोज सकाळी असतेच," असं उत्तर येतं. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्याच्या जठराचा पीएच इतका वर जाऊ शकतो की ५.५ ची कॅप्सूल जठरातच उघडेल आणि तुम्ही जठराचा द्रव आद्यांत्राचा म्हणून मोजाल. प्रतिजैविकांचंही तसंच. गेल्या सहा महिन्यांत दाताच्या डॉक्टरनं दिलेली गोळीसुद्धा लिहून घ्या. स्टॅनफर्डच्या १५ जणांपैकी ज्या दोघांनी आधीच्या काही महिन्यांत प्रतिजैविकं घेतली होती, त्यांचे नमुने बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसले होते.

आणि कवच कशाचं आहे ते आधीच सांगा. हे मी एका काकूंकडून शिकले. त्या आमच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळातल्या, तीस वर्षं तिकडे राहिलेल्या, कट्टर शाकाहारी. माझ्या शब्दावर अभ्यासात आल्या. संमतीपत्राची बारा पानं त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "अगं, हे कवच जिलेटिनचं आहे का? त्याचं इथे काहीच लिहिलेलं नाही." खरंच नव्हतं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातडीपासून बनतं, आणि बारा पानांत ते सांगायचं कोणालाही सुचलं नव्हतं. मी मान खाली घालून "हो" म्हणाले. वनस्पतिज सेल्युलोजचं कवच मिळतं. ते मागवून, लेपाच्या सगळ्या चाचण्या नव्यानं करायला आम्हाला सात आठवडे लागले. काकू थांबल्या. तुम्ही महाराष्ट्रात हे काम काढलंत तर निम्मे स्वयंसेवक हा प्रश्न विचारतील, आणि जे विचारणार नाहीत त्यांनाही तो पडलेला असेल. सेल्युलोजच्या कवचापासूनच सुरुवात करा.

गिळायचा दिवस

जेवणानंतर साधारण तीन तासांनी गिळायला सांगा. पोटात अन्न असेपर्यंत जठर मोठी, न पचणारी वस्तू पुढे सोडत नाही. ते आधी अन्न दळतं, बाहेर ढकलतं आणि रिकामं झाल्यावर जी झाडूसारखी लाट येते तिच्याबरोबर असल्या वस्तू निघतात. गिळल्यानंतर माणूस दर तासाला काहीतरी तोंडात टाकत राहिला तर कॅप्सूल जठरात अडकून बसते. काकूंच्या पहिल्या फेरीत नेमकं हेच झालं. चारही कॅप्सूल चौथ्या दिवशी बाहेर आल्या आणि आम्हाला कारण कळेना. काकूंनी मात्र स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर सगळं लिहून ठेवलं होतं: दुपारी ३ ला गिळल्या, ४ ला चहा आणि चिवडा, साडेपाचला केळं, ७ ला जेवण. त्या चौकोनातल्या बारीक अक्षरांनी आमचा फॉर्म बदलला. आमच्या छापील तक्त्यात फक्त "नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण" होतं. मधल्या खाण्याला जागाच नव्हती.

म्हणून खाण्याची नोंद माणसाच्या सवयीच्या ठिकाणी, त्याच्या भाषेत होऊ द्या. चहा, सुपारी, तंबाखू, बडीशेप सगळं त्यात यावं. चतुर्थी, एकादशी, नवरात्र या दिवसांत उपास असेल तर साबुदाणा आणि शेंगदाण्यानं दिवसाचं अन्न पार बदललेलं असतं. तो दिवस टाळा किंवा मुद्दाम निवडा, पण नकळत घेऊ नका. गिळायच्या दिवशी सकाळी दात घासण्याआधी लाळेचा नमुनाही घ्या. तो का, ते पुढे येईल.

पहिल्यांदा गिळणाऱ्याला आदल्या आठवड्यात तेवढ्याच मापाची रिकामी कॅप्सूल समोर बसून गिळायला द्या. भीती असते ती त्या एका क्षणाची. एकदा गेली की माणूस हसतो.

परत मिळवणं

या भागाची लाज कोणाला वाटत असेल तर ती आधी तुमच्या आवाजातून गेली पाहिजे. मी फोनवर "शौच" हा शब्द स्वच्छ उच्चारायला शिकले तेव्हा समोरची माणसंही मोकळी झाली.

कॅप्सूल जठरात सर्वसाधारणपणे दोन ते पाच तास, लहान आतड्यात अडीच ते सहा तास आणि मोठ्या आतड्यात अडीच दिवसांपर्यंत राहते. म्हणजे चारही मिळेपर्यंत प्रत्येक वेळचं शौच जमा करायचं. कमोडवर बसवायचा प्लास्टिकचा कटोरा मिळतो. भारतीय पद्धतीच्या संडासात तो बसत नाही. तिथे उथळ, कडा असलेला ट्रे पाहिजे आणि धुण्याचं पाणी त्यात पडणार नाही अशी सूचना चित्र काढून दिली पाहिजे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, आणि विहिरीच्या पाण्यात त्याचे स्वतःचे जिवाणू. संचात एवढं द्या: हातमोज्यांच्या पाच जोड्या, जाड झिपच्या पिशव्या, थर्मोकोलची पेटी, गोठवायचे जेल पॅक, वेळ लिहायची पेन्सिल. घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला सांगू नका. ज्या फ्रीजमध्ये दूध आणि नैवेद्याचं ताट असतं त्यात हे ठेवायला कोणीही तयार होणार नाही, आणि होऊही नये. माणूस पाठवून पेटी त्याच दिवशी उचला.

दोन आठवडे उलटूनही कॅप्सूल बाहेर आली नाही तर ती अडकली असं धरतात. तिथून पुढचं काम डॉक्टरांचं. क्ष-किरणात दिसेल अशी खूण पिशवीत आहे की नाही हे खरेदी करतानाच विचारून ठेवा.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीला आम्ही चार प्रकारांना चार रंगांची कवचं दिली होती. टेबलावर किती छान दिसायची! पण कवच आतड्यात विरघळतं. शौचातून येते ती नुसती पारदर्शक पिशवी. दोन माणसांच्या प्रत्येकी दोन पिशव्या एकाच वेळी बाहेर आल्या आणि वरची कुठली, खालची कुठली हे सांगायला माझ्याकडे काहीच उरलं नाही. दोन माणसांचे नमुने मला बाजूला ठेवावे लागले. त्या माणसांनी तीन दिवस किती निष्ठेनं ट्रे धुतले होते ते मला माहीत होतं. खूण पिशवीवरच हवी, आणि ती पित्तात, साबणात, अल्कोहोलमध्ये टिकते का हे आधी तपासलेलं हवं.

पिशवी उघडताना

सुरक्षा कॅबिनेटमध्ये, दोन हातमोजे घालून. पिशवी आधी निर्जंतुक पाण्यानं धुवा, मग ७० टक्के अल्कोहोलनं पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. अल्कोहोलचा एक थेंब सुईबरोबर आत गेला तरी आठ थेंबांत तो फार होतो. मग बारीक सुईनं द्रव ओढा.

ओढल्याबरोबर पाहायचं: किती आला, रंग कसा, बुडबुडा आहे का. कधी पिशवी द्रवाऐवजी वायूच ओढून घेते. वरच्या आतड्याचा द्रव बहुधा पिवळसर आणि पातळ, खालचा गडद. हे फक्त लिहा, त्यावरून निवाडा करू नका. एक छोटा थेंब सूक्ष्म इलेक्ट्रोडवर ठेवून पीएच घ्या. द्रव कमी आला म्हणून सलाइन घालून वाढवू नका, कितीही मोह झाला तरी. उरलेला द्रव सेंट्रिफ्यूज करा. खाली बसलेला गाळ डीएनएसाठी, वरचा निवळ द्रव पित्ताम्लं आणि इतर रेणूंसाठी. दोन्ही लगेच उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. सगळं मिळून दहा मिनिटांत उरकलं पाहिजे, म्हणून नळ्यांवरची लेबलं आदल्या संध्याकाळी चिकटवून ठेवा.

पिशवीतले दोन दिवस

मला सगळ्यात जास्त झोप या प्रश्नानं घालवली आहे. पिशवी भरली संध्याकाळी, समजा ६ वाजता. हाती आली परवा सकाळी. मधले छत्तीस तास ती ३७ अंशांत, अन्नरसासकट, बंद होती. जिवाणूंना याहून सुखाची जागा कोणती? ते आत वाढत राहतात. ई. कोलायच्या कुळातले, झपाट्यानं वाढणारे, सगळ्यांच्या पुढे निघून जाऊ शकतात. म्हणजे तुम्ही मोजता ते त्या क्षणाचं आतडं, की दोन दिवस मुरलेला द्रव?

याचं उत्तर गृहीत धरायचं नाही, मोजायचं. आतड्यातल्या द्रवाचा एखादा मोठा नमुना मिळाला तर तो तसल्याच पिशव्यांत भरा, ऑक्सिजनरहित पेटीत ३७ अंशांवर ठेवा आणि ०, २४, ४८, ७२ तासांनी एकेक उघडा. किती बदल होतो ते तुमच्या स्वतःच्या हातांनी काढलेल्या आकड्यात असू द्या. पिशवीत आधीच वाढ थांबवणारं रसायन ठेवायचा मार्गही आहे. तो सुरक्षित असल्याची खात्री आणि मंजुरी लागते, आणि मग जिवंत जिवाणू वाढवून पाहता येत नाहीत. काय हवं ते सुरुवातीलाच ठरवा. आणि प्रत्येक नमुन्यापुढे "गिळल्यापासून गोठवेपर्यंत किती तास" हा रकाना ठेवा. विश्लेषण करणारा तो मागणार नाही. तुम्ही द्या.

दुसरी शंका गळतीची. निर्जंतुक सलाइननं भरलेल्या पिशव्या शौचाच्या नमुन्यात बुडवून दोन दिवस ठेवा आणि आतल्या सलाइनमधून डीएनए काढा. तिसरी शंका डीएनए काढायच्या किटचीच. वरच्या आतड्यात जिवाणू इतके थोडे असतात की किटमधले परके जिवाणूही त्यांच्या बरोबरीनं दिसतात. प्रत्येक फेरीत नमुन्याशिवायची एक कोरी नळी चालवा.

आकडे वाचताना

१६एस, म्हणजे जिवाणूंचे प्रकार ओळखायला वापरतात त्या जनुकाच्या वाचनातून टक्केवारी मिळते, संख्या नाही. एका पिशवीत ४० टक्के स्ट्रेप्टोकोकस आणि दुसरीत ४ टक्के असले तरी दुसरीत ते संख्येनं जास्त असू शकतात. म्हणून क्यूपीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीनं, एकूण संख्या काढाच. संपूर्ण डीएनए वाचणार असाल तर वरच्या नमुन्यांत माणसाचा स्वतःचा डीएनए भरमसाट येईल, त्याची तरतूद खर्चात ठेवा.

स्ट्रेप्टोकोकस दिसला म्हणजे तो आतड्यात राहतोच असंही नाही. आपण दिवसभर लाळ गिळतो. त्या सकाळी घेतलेली लाळ इथे कामाला येते: पिशवीतले प्रकार लाळेतल्यासारखे हुबेहूब असतील तर ते बहुधा वाटसरू आहेत.

नमुना खरंच वरचा आहे का, याचा माझा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे पित्ताम्लं. यकृत ती ग्लायसिन किंवा टॉरिनला जोडून पाठवतं. जिवाणू ती जोड तोडतात, आणि मोठ्या आतड्यात कोलिक आम्लाचं डीऑक्सिकोलिक आम्ल करून टाकतात. म्हणून पिशवीत जोडलेली पित्ताम्लं भरपूर असतील तर नमुना वरचा. सुटं डीऑक्सिकोलिक भरून असेल आणि जिवाणूही त्याच माणसाच्या शौचासारखे असतील तर पिशवी उशिरा उघडली किंवा गळली. पण सावध राहा. नुसतं डीऑक्सिकोलिक दिसलं म्हणून नमुना टाकून देऊ नका. ते आतड्यातून परत यकृताकडे जातं आणि पुन्हा जोडून पित्तातून वर येतं. सुटं आहे की जोडलेलं, हे पाहायचं.

कोणता नमुना बाद करायचा याचे नियम पहिला आकडा पाहण्याआधी लिहून, सही करून ठेवा. आकडे पाहून ठरवलेला नियम आपल्याला हवं तेच दाखवतो. हुशार आणि प्रामाणिक माणसांच्या हातूनही हे होताना मी पाहिलं आहे.

कराडच्या लॅबमध्ये उद्याच करता येईल असं

त्या मुलीकडे ना या कॅप्सूल आहेत ना मंजुरी. तरी तिनं हे करून पाहावं. डबल झीरो मापाच्या रिकाम्या जिलेटिन कॅप्सूल आणायच्या. रंगाच्या दुकानातून सुतार पॉलिशला वापरतात ती चपडी लाख आणायची आणि स्पिरिटमध्ये विरघळवायची. लाख आम्लात टिकते आणि पीएच ७ च्या वर विरघळते. कॅप्सूलमध्ये चिमूटभर मिथिलीन ब्लू भरायचा, लाखेत बुडवायची, वाळवायची. काहींना एक थर, काहींना तीन, काहींना पाच, आणि दोन-तीन कोऱ्या ठेवायच्या. या फक्त काचेसाठी आहेत, तोंडाजवळही न्यायच्या नाहीत. दुकानातली लाख आणि स्पिरिट खायचे नसतात.

मग ३७ अंशांवर ०.१ नॉर्मल आम्लात दोन तास, त्यानंतर पीएच ७.४ च्या बफरमध्ये. कोरी कॅप्सूल आम्लात काही मिनिटांतच निळी फुटेल. बाकीच्यांची वेळ दर पाच मिनिटांनी लिहायची, आणि निळा रंग पहिल्यांदा कुठून निघतो तेही: जोडातून, टोकातून की सगळीकडून एकदम. एकाच थरजाडीच्या दहा कॅप्सूलच्या वेळा एकमेकींपासून किती लांब पडतात ते पाहायचं. मग मला ती वही पाठवायची.